दूरचे कारण, जवळचे कारण : तिबेटी वैद्यक आणि वैद्य लामा

बौद्ध परंपरेत बुद्धाला महावैद्य म्हणण्याचा प्रघात इतका जुना आहे की चार आर्यसत्यांची मांडणीच रोग, रोगाचे कारण, रोगाचा उपशम आणि उपशमाचा उपाय अशा वैद्यकीय क्रमाने समजावून दिली जाते. बाण लागलेल्या माणसाने तो कोणी मारला, धनुष्य कसले होते याची चौकशी करीत न बसता आधी बाण उपटून घ्यावा, हा पाली निकायांतील दृष्टान्तही एखाद्या शल्यवैद्याच्या तोंडी शोभावा असा आहे. रूपक म्हणून हे सारे सुबोध आहे. अडचण सुरू होते ती रूपक प्रत्यक्षात उतरते तेव्हा, म्हणजे धर्मोपदेश करणारा लामा रुग्णाच्या मनगटावर तीन बोटे टेकवून बसतो तेव्हा. सर्व दुःखाचे, आणि म्हणून सर्व रोगांचेही, मूळ अविद्येत आहे असे ज्याचे शास्त्र सांगते त्याने नाडी कशासाठी पाहावी, आणि पथ्य व काढा यांनी रोग हटतो असा ज्याचा रोजचा अनुभव आहे त्याने अविद्येचे नाव तरी कशाला घ्यावे, हा तो प्रश्न होय. तिबेटमध्ये ज्याला ‘सोवा रिग्पा’, म्हणजे रोगशमनाची विद्या, असे म्हणतात त्या वैद्यकाने हा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला नाही. त्याने कारणांची दोन खाती वेगळी केली आणि दोन्ही खाती एकाच माणसाच्या हाती दिली.

भिक्षूने वैद्यकी करावी की नाही याविषयी आरंभीचा बौद्ध धर्म स्वतःच दुटप्पी वाटावा असा होता. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात वमन, विरेचन, डोळ्यांत अंजन घालणे, शस्त्रक्रिया, बालचिकित्सा या गोष्टी उपजीविकेसाठी करणे हे भिक्षूला न शोभणाऱ्या हीन विद्यांत मोजले आहे. उलट विनयपिटकात औषधांवर एक संपूर्ण प्रकरण आहे, तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भिक्षूंना मुभा म्हणून दिली आहेत, आणि अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्षूला बुद्धाने आनंदाच्या मदतीने धुऊन काढले व ज्याला आपली सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी असे संघाला सांगितले, ही कथाही तेथेच आहे. या दोन भूमिकांत विरोध आहे तो वरवरचा. निषेध वैद्यकीचा नसून ती विकून पोट भरण्याचा आहे. संघाच्या आतली शुश्रूषा कर्तव्य होती आणि गृहस्थाच्या दारी जाऊन औषध विकणे हा अधःपात होता. पुढे विहारांच्या भोवती वस्ती वाढली, दाते गृहस्थ हेच रुग्ण होऊन येऊ लागले, तेव्हा ही रेषा पुसट होत जाणे अटळच होते.

याहून महत्त्वाचा आहे तो संयुत्तनिकायातील मोळिय सीवकाशी झालेला संवाद. माणसाला जे जे सुखदुःख भोगावे लागते ते सगळे पूर्वकर्माचे फळ, असे मानणाऱ्यांविषयी विचारले असता बुद्धाने तेथे वेदनांची आठ कारणे सांगितली आहेत : पित्त, कफ, वात, या तिघांचा सन्निपात, ऋतुपालट, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. कर्म हे या यादीत आठवे आहे, आणि सगळे खापर त्याच्यावरच फोडणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि जगात सत्य मानल्या गेलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात, असा अभिप्राय दिला आहे. बौद्ध वैद्यकाला जागा मिळते ती या ठिकाणी. कर्म हेच जर एकमेव कारण असते तर वैद्य हा फार तर फळ भोगण्याच्या कामी अडथळा आणणारा माणूस ठरला असता.

महायानाने या जागेचे रूपांतर जवळजवळ सक्तीत केले. बोधिसत्त्वाने शब्दविद्या, हेतुविद्या, चिकित्साविद्या, शिल्पविद्या आणि अध्यात्मविद्या या पाचही विद्यांत परिश्रम केल्याखेरीज त्याला सर्वज्ञता लाभत नाही, हा महायानसूत्रालंकारातील विचार तिबेटच्या मठांनी अभ्यासक्रम म्हणून स्वीकारला, आणि ब्रह्मजालसुत्तात हीन ठरलेली विद्या अशा रीतीने बुद्धत्वाच्या वाटेवरचा एक टप्पा झाली. अकराव्या शतकात पश्चिम तिबेटमधील भाषांतरकार रिंचेन झांगपो (९५८–१०५५) याने काश्मिरी पंडितांच्या साहाय्याने वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ तिबेटीत आणले. त्यावरची चंद्रनंदनाची ‘पदार्थचंद्रिका’ ही टीकाही तिबेटी संग्रहात शिरली. रागलोभादी रोगांचा समूळ नाश करणाऱ्या एका अपूर्व वैद्याला वंदन करून वाग्भट ग्रंथाची सुरुवात करतो. हा वैद्य बुद्धच की आणखी कोणी, आणि वाग्भट स्वतः बौद्ध होता की नव्हता, हा वाद पंडितांत अजून मिटलेला नाही. तिबेटी वाचकाला मात्र त्या वंदनात आपलेच घर दिसले असणार. येथे सहज आठवण होते ती अशी की याच ग्रंथावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे मराठी लोकस्मृतीतला हेमाडपंत, याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली; एकच पोथी हिमालयापलीकडे मठात आणि सह्याद्रीच्या पठारावर राजसभेत वाचली जात होती, आणि दोन्हीकडे तिच्यातून निघालेले वैद्यक निराळ्या वळणाने गेले.

तिबेटी वैद्यकाचा मुख्य ग्रंथ ‘ग्युशी’, म्हणजे चार तंत्रे, हा होय. मूलतंत्राचे ६, व्याख्यातंत्राचे ३१, उपदेशतंत्राचे ९२ आणि उत्तरतंत्राचे २७ असे मिळून त्याचे १५६ अध्याय होतात, आणि आजच्या रूपात तो बाराव्या शतकातील वैद्य युथोक योंतेन गोंपो याच्या नावाशी जोडला जातो. ग्रंथाची चौकट मात्र पौराणिक आहे. सुदर्शन नावाच्या औषधिनगरीत भैषज्यगुरू बुद्ध बसला आहे, त्याच्याच शरीरातून निघालेले दोन ऋषी एकमेकांना प्रश्न विचारतात आणि उत्तरे देतात, आणि नगरीच्या चार दिशांना चार पर्वत आहेत : दक्षिणेला उष्ण वीर्याच्या वनस्पतींचा विंध्य, उत्तरेला शीत वीर्याचा हिमवंत, पश्चिमेला मलय आणि पूर्वेला गंधमादन. गंधमादनावर ‘अरुरा’चे वन आहे. भैषज्यगुरूचे जे चित्र तिबेटी घरांत आणि दवाखान्यांत दिसते त्यात वैडूर्याच्या गडद निळ्या रंगाचा बुद्ध डाव्या हातात पात्र आणि उजव्या हातात याच अरुराची फांदी धरून असतो. अरुरा म्हणजे हरीतकी, म्हणजे भीमाशंकर आणि जुन्नर परिसरातले आदिवासी ज्याची कोवळी फळे वेचून बाळहिरडा म्हणून विकतात तो हिरडा. तिबेटच्या पठारावर तो उगवत नाही. तो नेहमी दक्षिणेकडून, व्यापाऱ्यांच्या पाठीवरून तेथे गेला. स्वतःच्या भूमीत न उगवणारे फळ ज्या संस्कृतीने आपल्या देवतेच्या हाती दिले तिला आपल्या विद्येचे मूळ कोठे आहे याचा विसर पडला नव्हता असे म्हणता येते.

कारणांची मीमांसा ग्युशीत अशी आहे. रोगाचे दूरचे कारण अविद्या, म्हणजे नसलेल्या ‘मी’ला खरे मानण्याची खोड. आकाशात उंच उडणाऱ्या पक्ष्यालाही जशी त्याची सावली सोडत नाही तसे अविद्येत असणाऱ्या जीवाला, तो आज धडधाकट असला तरी, रोग सोडत नाही. या अविद्येपासून राग, द्वेष आणि मोह ही तीन विषे निघतात आणि त्यांपासून अनुक्रमे ‘लुंग’, ‘त्रिपा’ आणि ‘बेकेन’, म्हणजे स्थूलमानाने वात, पित्त आणि कफ. हे तीन दोष म्हणजे जवळची कारणे. आणि ऋतू, भूतबाधा, आहार व वर्तन हे चार प्रत्यय, म्हणजे जवळच्या कारणाला चेतवणारी निमित्ते. सन्निकृष्ट आणि विप्रकृष्ट हेतूंचा भेद आयुर्वेदालाही ठाऊक आहे, पण तेथे दूरच्या हेतूचे नेहमीचे उदाहरण हेमंतात साचलेला आणि वसंतात रोग उत्पन्न करणारा कफ हे असते. तिबेटी ग्रंथाने तो दूरपणा एका ऋतूवरून अनादी संसारापर्यंत ताणला. ताणला, आणि मग, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे, बाजूला ठेवला. उपदेशतंत्राच्या ९२ अध्यायांत ज्वर, उदर, व्रण, विषबाधा, बालरोग यांची चिकित्सा येते ती जवळच्या कारणांच्या भाषेत. दूरचे कारण माणूस मुळात आजारी का पडतो याचे उत्तर देते. हा माणूस, या महिन्यात, या कुशीत कळ येऊन का कण्हतो आहे, याचे उत्तर ते देत नाही, आणि द्यावे अशी अपेक्षाही नाही.

निदानाची रीत पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. वैद्य तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे मनगटाच्या घडीपासून अंगठ्याच्या एका पेराएवढे अंतर सोडून, एकमेकांना न चिकटतील अशी ठेवतो. तर्जनीने त्वचा जेमतेम दबावी, मध्यमेने मांस, अनामिकेने हाडापर्यंत दाब जावा. प्रत्येक बोटाच्या दोन बाजूंना दोन अवयव वाचले जातात, म्हणजे दोन हातांची मिळून बारा स्थाने होतात. गती मोजायला घड्याळ नाही. वैद्याच्या स्वतःच्या एका श्वासोच्छ्वासात पाच ठोके पडले तर प्रकृती ठीक, अधिक पडले तर उष्ण रोग, कमी पडले तर शीत. मापाचा दंड अशा रीतीने वैद्याचे स्वतःचे शरीरच असल्यामुळे त्याचा श्वास संथ असणे, मन थाऱ्यावर असणे, ही नीतीची गोष्ट नसून अचूकतेची ठरते, आणि ध्यानाचा अभ्यास वैद्यकाच्या उपयोगी कसा पडतो याचे इतके रोकडे उदाहरण दुसरे सापडणार नाही. यानंतर पहाटेचे मूत्र पांढऱ्या भांड्यात घेऊन, काडीने घुसळून, ते गरम, कोमट आणि थंड असताना तीनदा पाहिले जाते. रंग, वाफ, वास, बुडबुडे किती मोठे उठतात आणि किती वेळ टिकतात, साका कोठे बसतो, हे सगळे टिपले जाते. या पाहणीत अविद्या कोठेही दिसत नाही.

कर्माला मात्र ग्युशीने दार पूर्ण बंद केलेले नाही. एकूण ४०४ रोगांपैकी १०१ पूर्वकर्मजन्य, १०१ या जन्मातल्या कारणांचे, १०१ भूतबाधेचे आणि १०१ वरवरचे, म्हणजे औषधाशिवायही बरे होणारे, अशी वाटणी त्यात आहे. आकड्यांची ही सममिती मठातल्या पाठांतराच्या सोयीची आहे, निरीक्षणाची नव्हे. पण तिचा व्यवहारातला उपयोग चाणाक्ष आहे. औषध लागू पडत नाही, पुन्हापुन्हा पाहूनही निदान बसत नाही, अशा वेळी वैद्य दुसऱ्या खात्याकडे वळतो आणि पूजा, पाठ, प्राणिदया, मंत्र सुचवतो. कर्म येथे आधी गृहीत धरले जात नाही, उपाय हरल्यावर शिल्लक राहिलेल्याला दिलेले ते नाव आहे. तरीही धोका उरतोच, कारण रुग्णाच्या दुखण्याला त्याच्याच मागल्या जन्मीच्या पापाचा दाखला देणे ही क्रूरता कोणत्याही धर्माच्या हातून सहज घडते. आजच्या दारिद्र्याला आणि दुःखाला गतजन्मीचे कर्म जबाबदार धरणारा सिद्धान्त बुद्धाचा असू शकत नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात जे प्रतिपादन केले त्याच्या कसोटीवर ही १०१ रोगांची कोठडी टिकत नाही. सीवकाला दिलेल्या उत्तरातली आठव्या क्रमांकाची नम्र जागाच त्यापेक्षा सुरक्षित होती.

ग्रंथ बुद्धाचा की माणसाचा, या वादातही हीच दोन खाती भांडताना दिसतात. ग्युशी जर साक्षात भैषज्यगुरूच्या मुखातून निघाली असेल तर तिच्यात चहा, चिनी मातीची भांडी आणि तिबेटी माणसाचे रोजचे अन्न कोठून आले, हा प्रश्न तिबेटी विद्वानांनीच उपस्थित केला. सोळाव्या शतकातील वैद्य झुरखार लोद्रो ग्याल्पो (१५०९–१५७९) याने बाहेरून ती बुद्धवचन मानावी पण आतून ती तिबेटी माणसाने रचलेले शास्त्र आहे, अशा आशयाची मोठ्या हिकमतीची भूमिका घेतली. पाचव्या दलाई लामांचा प्रशासक देसी सांगे ग्यात्सो (१६५३–१७०५) याला ती पसंत नव्हती. त्याने ग्युशीचे बुद्धवचनत्व उचलून धरले आणि ‘नील वैडूर्य’ ही तिच्यावरची विस्तृत टीका लिहिली. या माणसाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाचवे दलाई लामा १६८२ मध्ये वारले आणि त्याने ते जवळजवळ १५ वर्षे जगापासून लपवून ठेवले. ‘नील वैडूर्य’ लिहिणे, तिच्यावर आधारलेल्या ७९ पटचित्रांची मालिका सुरू करणे आणि १६९६ मध्ये ल्हासात पोताला प्रासादासमोरच्या चागपोरी टेकडीवर वैद्यक विद्यालय स्थापणे ही सगळी कामे त्याच काळातली आहेत. एका मृत्यूवर पडदा टाकून त्याच माणसाने आयुर्मानाच्या शास्त्रावरचा पडदा उचलला.

त्या चित्रांतला विनोदही पाहण्यासारखा आहे. बुद्धवचन सिद्ध करण्यासाठी काढवलेल्या चित्रांसाठी चित्रकाराने प्रेते पाहून शरीर रंगवले, आणि त्याच काळातला वैद्य दार्मो मेनराम्पा याने शवे उघडून पाहणी केल्याचे सांगितले जाते. तिबेटात मृतदेहाचे तुकडे करून ते गिधाडांना देण्याची चाल असल्यामुळे शरीराचा आतला भाग दृष्टीआड नव्हता. साहजिकच तंत्रमार्गात ध्यानासाठी कल्पिलेल्या मधली, उजवी आणि डावी या तीन सूक्ष्म नाड्या कापलेल्या देहात का सापडत नाहीत, यावर वैद्यांनी पानेच्या पाने लिहिली. कोणी त्यांना मेंदू, मज्जा आणि रक्तवाहिन्यांत बसवून पाहिले, कोणी म्हणाले की त्या जिवंत ध्यानातच असतात, प्रेतात नाहीत. नाडीपरीक्षेतही पुरुषाच्या डाव्या मनगटावर हृदय व उजव्यावर फुप्फुस आणि स्त्रीच्या बाबतीत उलट, असा पाठ आहे. त्याच्या समर्थनासाठी हृदयाचे टोक कोणीकडे कलते याची चर्चा झाली. शास्त्र खोटे म्हणवत नाही आणि डोळ्यांनी पाहिलेलेही नाकारवत नाही, अशी ही कुचंबणा आहे. तिने फार प्रगती घडवली असे म्हणता येणार नाही, पण डोळे मिटूनही घेतले नाहीत.

वैद्य लामांच्या परंपरेत गांपोपा (१०७९–११५३) याचे स्थान आगळे आहे, कारण त्याचा प्रवास वैद्यकीकडून धर्माकडे झाला. तो शिकलेला वैद्य होता. साथीच्या रोगात त्याची मुले आणि मग पत्नी गेली, आणि सव्विसाव्या वर्षी भिक्षू होऊन पुढे तो मिलारेपाचा पट्टशिष्य झाला. लोकांनी मात्र त्याला शेवटपर्यंत ‘दाग्पो ल्हार्जे’, म्हणजे दाग्पो प्रांताचा वैद्य, असेच म्हटले. उलट वैद्यकाचा आदिपुरुष मानला जाणारा युथोक भिक्षू नव्हता, संसारी होता. चागपोरीला मठांकडून पाठवलेले भिक्षू शिकत, पोथी मुखोद्गत करीत, उन्हाळ्यात डोंगरात वनस्पती ओळखायला जात; तेराव्या दलाई लामांच्या काळात १९१६ मध्ये निघालेल्या मेन-त्सी-खांग या दुसऱ्या संस्थेत गृहस्थांनाही प्रवेश होता. लडाख, स्पितीसारख्या भागांत तर वैद्यकी बापाकडून मुलाकडे जाई. तेथे वैद्याला ‘आमची’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द घरचा वाटला तरी तो मंगोल भाषेतून आलेला आहे. आमची औषधाचे पैसे घेत नसे. गावकरी सुगीला त्याच्या शेतात राबत आणि जव आणून देत. भिक्षूने औषध विकू नये हा दोन हजार वर्षांपूर्वीचा दंडक संसारी वैद्याच्या बांधावर असा टिकून राहिला.

चागपोरीची इमारत १९५९ मध्ये चिनी तोफांच्या माऱ्यात गेली. मेन-त्सी-खांग १९६१ मध्ये धरमशाला येथे नव्याने सुरू झाली. तेथील येशी धोंदेन (१९२७–२०१९) या भिक्षू वैद्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तेंझिन छोद्राक हे दुसरे वैद्य १९५९ पासून चिनी कैदेत आणि सक्तमजुरीत होते आणि १९८० मध्ये भारतात आले. भारताने २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सोवा रिग्पाला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये लेह येथे राष्ट्रीय संस्थेला मंजुरी मिळाली. मान्यतेबरोबर पदवी, परीक्षा आणि ठरलेला पगार आला, आणि सुगीतल्या श्रमदानाचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहावा हे कोणालाच कळेना.

या सगळ्या विचाराची खरी परीक्षा होते ती एका विशिष्ट रोगात. ‘सोक-लुंग’, म्हणजे प्राणवायूचा क्षोभ, हा हृदयाशी बसणारा वाताचा विकार आहे : छाती भरून येते, झोप उडते, कारण नसताना रडू फुटते, मन एका जागी ठरत नाही. शोक, उपासमार, अतिश्रम यांनी तो होतो आणि, तिबेटी वैद्य हे आडपडदा न ठेवता सांगतात, चुकीच्या किंवा अतिरेकी ध्यानानेही होतो. मनाला जबरदस्तीने एका बिंदूवर जखडणारा, थंड गुहेत रुक्ष अन्नावर महिनोन्महिने बसणारा साधक हा या रोगाचा ठराविक बळी आहे. अविद्येवरचे औषध म्हणून घेतलेली साधना येथे स्वतःच रोगाचे जवळचे कारण झालेली असते, आणि ग्युशीतला उपाय धर्माच्या भाषेत बोलत नाही : उबदार, मंद उजेडाची खोली, तुपातेलाने अंग चोळणे, हाडांचा रस्सा, जुने स्निग्ध मांस, प्रसंगी थोडे मद्य, भरपूर झोप आणि मनाला आवडणाऱ्या माणसांशी गप्पा. मठात वर्ज्य किंवा निदान संशयास्पद असलेल्या कितीतरी गोष्टी या यादीत आहेत. शिष्याला गुहेत पाठवणारा लामाच पुष्कळदा जवळपासचा एकमेव वैद्य असे. तेव्हा तोच त्याचा हात हाती घेऊन, आपल्या श्वासावर त्याचे ठोके मोजून, ध्यान बंद करायला सांगे आणि कोणाला तरी चुलीवर रस्सा ठेवायला पाठवी.